उजेडात दाखवा

आमच्या डी.एड.च्या सहलीतला एकच दिवस धड गेला, आणि तोही गाडी बिघडली म्हणून.

शहात्तर सालचा डिसेंबर होता. तुळजापूर झालं होतं, अक्कलकोट झालं होतं, शेवटच्या दिवशी नळदुर्ग बघून संध्याकाळच्या पॅसेंजरनं कुर्डुवाडीला परतायचं होतं. सकाळी अंघोळी उरकून, वेण्या घालून आम्ही सगळ्या पोरी सोलापुरातल्या धर्मशाळेच्या पायऱ्यांवर बसलो, तर ड्रायव्हर हात पुसत आला आणि म्हणाला, "बाई, गाडी आज हालत न्हाई." बाईंचा चेहरा उतरला. आम्हीही दुःखी दिसायचा मनापासून प्रयत्न केला.

"ठीक आहे," बाई म्हणाल्या. "आजचा दिवस मोकळा. पाच-पाच जणींनी मिळून फिरा. सिद्धेश्वराचं तळं बघा, किल्ला बघा. बघा म्हणजे बघा, नुसतं भेळ खात हिंडू नका. आणि मिलचा तीनचा भोंगा झाला की मला सगळ्या इथं दिसल्या पाहिजेत."

आमच्या गटात मी, वळसंगची सुंदरम्मा, बजाबाई, आणि टेंभुर्णीच्या दोघी मावसबहिणी, ज्या जन्मापासून एकच वाक्य दोघींत मिळून बोलत आल्या होत्या. गटाची पुढारी मी. कुणी निवडलं नव्हतं, पण वेळापूरच्या विजयमालेला निवडावं लागत नाही.

तळ्याच्या मध्यावर देऊळ, चहूबाजूंनी पाणी, पलीकडे किल्ल्याचे बुरूज. सोलापूरच्या माणसाला त्याचं काही वाटत नाही, तो त्याच काठानं सायकल दामटत कामावर जातो. आम्ही मात्र पाण्याकडे बघत तोंड उघडं टाकून उभ्या राहिलो. बजाबाईनं माशांना चुरमुरे टाकले आणि अर्धे स्वतः खाल्ले. मग किल्ल्यात शिरलो. दुहेरी तट, आत बाग, तोफा. मी आपली इतिहासाचा तास घ्यायला लागले होते, एवढ्यात लक्षात आलं की सुंदरम्मा मागं राहिलीय. ती तटाच्या पायरीवर बसली होती आणि शहराकडे तोंड करून बघत होती.

सुंदरम्मा म्हणजे आमच्या वर्गाची शान. सराव पाठाला ती चौथीच्या वर्गात उभी राहिली की पोरं चिडीचूप. आवाज चढवायची नाही, छडी उचलायची नाही. मी वर्गात गेले की शेजारच्या वर्गातले मास्तर डोकावून बघायचे, आणि तिच्या वर्गात खडूचा आवाज ऐकू यायचा. अशी पोरगी गप्प बसली तर कळतही नाही, पण त्या दिवशीचं गप्प बसणं वेगळं होतं.

"काय झालं गं?" मी विचारलं.

"सोमवारी अप्पा शब्द द्यायला जाणार हायत," ती म्हणाली. "दिवाळीत मला बघायला आलेले की. हितलेच हायत. चाटी गल्लीत कापडाचं दुकान हाय त्यांचं."

"मग चांगलंच आहे की! कसा आहे दिसायला?"

"मला काय म्हाईत? मी बघितलंच न्हाई."

आम्ही चौघी तिच्याभोवती गोळा झालो. तिनं सगळं सांगितलं. त्यांच्या घरची रीत अशी, की बघायला आलेल्यांसमोर मुलीनं मान वर करायची नाही. मान वर केली तर मुलगी धीट ठरते, आणि धीट मुलीला कोण करतं? तर ही चहाचं ताट घेऊन गेली, पाटावर बसली, विचारलेल्याची उत्तरं दिली आणि उठून आत आली. समोर बाजेवर तीन जण बसले होते. तिला दिसले ते तिघांचे पाय.

"पाय?" बजाबाई म्हणाली.

"पायच की. एक म्हातारे पाय, नुसत्या भेगा. ते मामा असणार. एक पाय सारखे हलत होते, अंगठ्याचं नख काळं पडलेलं. आन तिसरे लई स्वच्छ, शांत. मला वाटतं ते शांत पायवाले तेच."

आम्ही हसलो. ती हसली नाही.

"हसण्यावारी न्हेऊ नका," ती म्हणाली. "मला तोंडाचं काय न्हाई. कसंबी असू दे. पर लग्नानंतर नोकरी चालंल का, हे त्यांना कुणी इचारलंच न्हाई. अप्पा म्हणतात, मुलीकडच्यांनी असल्या अटी घालायच्या नसतात. मला मास्तरीण व्हायचंय, विजे. दोन वर्षं काय उगं घासली व्हय? अप्पा म्हणाले, सहल करून ये आन होय का न्हाय ते सांग. आता होय म्हणू तर कशाच्या जोरावर, आन न्हाय म्हणू तर कशासाठी? पायांसाठी?"

मला राग आला. मला तसा लवकरच येतो, पण हा राग जुना होता. त्याच उन्हाळ्यात मलाही बघून गेले होते. चालून दाखव म्हणाले, चालले. पेपर वाच म्हणाले, वाचला. सुईत दोरा ओव म्हणाले, ओवला. रंग नीट कळेना म्हणून मला दारात उजेडाला उभं केलं. आणि आठ दिवसांनी कळवलं, मुलगी जरा अंगानं भरलेली आहे. म्हणजे ते दोरा ओवायच्या आधीच दिसत नव्हतं का?

"ऊठ," मी म्हटलं. "आपण मुलगा बघायला जाऊ."

"काय बोलतीस!"

"का? बाईंनीच सांगितलंय, शहर बघा. चाटी गल्ली काय शहराबाहेर आहे?"

टेंभुर्णीकरणी एकदम म्हणाल्या, "चला, चला." सुंदरम्मानं नको नको म्हणत पदर सारखा केला, त्यावरून मी काय ते समजले.

विचारत विचारत आम्ही चाटी गल्लीत पोचलो. दोन्ही बाजूंना कापडाची दुकानं, प्रत्येक दारात एक माणूस "या ताई, या बसा" म्हणून हाका घालणारा. कानडी, तेलुगू, मराठी, सगळं एकाच गल्लीत आणि एकाच दमात. दुकानाचं नाव सुंदरम्माला पाठ होतं. चपला काढून आम्ही पांढऱ्या गादीवर जाऊन बसलो.

दुकानात दोघं जण होते. एक गोरा, उंच, केसांचा छान भांग पाडलेला, गादीवर पुढं बसलेला. दुसरा कोपऱ्यात चादरींच्या गठ्ठ्यांमागं, खाली मान घालून घड्या घालत होता. मी पहिल्याच्या पायांकडे पाहिलं. स्वच्छ, शांत. सुंदरम्माचं कोपर माझ्या बरगडीत बसलं. तेच!

"काय दाखवू ताई?" गोरा म्हणाला.

"लुगडी दाखवा," मी म्हटलं. "त्या टोकाची. त्या पलीकडच्या कपाटातली."

तो उठून चालत गेला, चालत आला. लंगडत नव्हता. मग मी सगळ्यात वरच्या फळीवरचं मागितलं, म्हणजे उंची कळली. बजाबाईनं एका लुगड्यावरची चिठ्ठी पुढं केली, "ह्यावर काय लिहिलंय हो दादा, बारीक अक्षर आहे," आणि त्यानं ते चष्म्याशिवाय घडाघडा वाचलं. आम्ही सगळ्या त्याला दादा म्हणत होतो. सुंदरम्मा तेवढी काहीच म्हणत नव्हती. एका टेंभुर्णीकरणीनं हिशेब घातला, नऊ वारी लुगड्यातून दोन वार काढले तर झंपर किती निघतील. दुसरीनं मुद्दाम उत्तर चुकवलं. तो चिडला नाही.

"रंग कळेना," मी म्हटलं. "जरा उजेडात दाखवा."

तो लुगडं घेऊन दारात उन्हात उभा राहिला. आम्ही पाची जणींनी त्याला पोटभर बघून घेतलं. लुगड्याचा रंग कुठला होता, देवाशपथ आठवत नाही.

एव्हाना गादीवर लुगड्यांचा डोंगर झाला होता. तो कोपऱ्यातला माणूस मुकाट्यानं एकेक उचलून घडी घालत होता. आमच्या येण्यामुळं सगळ्यात जास्त काम कुणाला पडलं असेल तर त्याला, पण तोंडातून एक शब्द नाही.

मग बजाबाईनं घोळ केला. तिला वाटलं, परीक्षा पुरी व्हायला तोंडी प्रश्न हवेत. तिनं सरळ विचारलं, "घरी माणसं किती तुमच्या? भाकरी लागते का चपाती? आणि वळसंगला काय जाणं-येणं असतं का हो?"

गोऱ्याचा हात लुगड्यावर थबकला. त्यानं आमच्याकडे आळीपाळीनं पाहिलं. मग अगदी साळसूदपणे मान वळवून कोपऱ्यातल्या माणसाला कानडीत काहीतरी म्हणाला. म्हणताना त्याचा अंगठा हळूच माझ्याकडे वळला होता, एवढं मात्र मी पाहिलं.

आम्हा चौघींना कानडीचा गंध नाही. आम्ही ढिम्म बसून राहिलो. आणि सुंदरम्मा, जिनं दोन वर्षांत वर्गात कधी दात दाखवले नव्हते, ती पदर तोंडात कोंबून गदागदा हसायला लागली.

"हां!" गोरा टाळी वाजवून म्हणाला. "सापडलं बघा वळसंग!"

तो काय म्हणाला होता, ते मी तिला आजवर शंभरदा विचारलंय. ती सांगत नाही. माझ्या अंगाबद्दल असणार, दुसरं काय.

सुंदरम्माचं हसू एकदम आटलं. तोंड लालबुंद झालं. पळून जावं तर चपला दाराशी आणि दारात ताजं गिऱ्हाईक उभं. गोऱ्यानं त्या गिऱ्हाइकाला "जरा वेळानं या" म्हणून वाटेला लावलं आणि आमच्यासमोर मांडी घालून बसला.

"मग? पोरगा पसंत हाय का?" त्यानं मलाच विचारलं. म्हणजे पुढारी कोण हे त्याला बरोबर कळलं होतं.

"तसा बरा आहे," मी म्हटलं. आता माघार कसली घ्यायची?

"बरा हाय की, पर तुमाला मिळायचा न्हाई. मी शिवयोगी. मुलाच्या थोरल्या भनीचा नवरा. मला दोन लेकरं हायत. मुलगा त्यो तितं बसलाय, चनमल्लप्पा. तासभर तुमची लुगडी आवरतोय बिचारा."

आमच्या पाची जणींच्या माना कोपऱ्याकडे वळल्या. सावळा, अंगानं किरकोळ, कान तापून लाल झालेला माणूस लुगड्यांच्या डोंगरामागून आमच्याकडे बघत होता. उठून उभा राहिला तेव्हा उजव्या अंगठ्याचं काळं नख दिसलं.

"उगं भावजींना चालवलंत," तो हळूच म्हणाला. "मला सांगितलं असतं तर मी चाललो असतो."

टेंभुर्णीकरणी खुदकन हसल्या. मला मात्र तो त्याच घडीला आवडला, आणि मी तसं मनातल्या मनात कबूलही केलं.

"मग तुम्ही तिला ओळखलं कसं नाहीत?" मी विचारलं. "बघायला तर आला होतात."

"मी कुटं बघितलं? शेजारी मामा बसलेले. मीबी खालीच बघत होतो. भावजींना दिसला तो नुसता पदर."

"आणि न बघता होकार कळवलात?"

"आवाज ऐकला की," चनमल्लप्पा म्हणाला. "मामांनी इचारलं, शिकून काय करणार? तर ह्या म्हणाल्या, मास्तरीण होणार. होईन बिईन न्हाई. होणार. लई ठाम म्हणाल्या. मला बरं वाटलं ऐकून."

सुंदरम्मानं मान वर केली. पहिल्यांदाच, सरळ त्याच्याकडे.

शिवयोगीनं चहा मागवला. बशीत चहा ओतून आम्ही प्यालो. थट्टा थोडी थंडावली, तसा तो म्हणाला, "आता मुलीकडच्यांनी काय इचारायचं ते इचारून घ्या. पुन्यांदा म्हणू नका, इचारायचं ऱ्हायलं."

माझ्याकडे शंभर प्रश्न होते. तरी मी तोंड मिटून बसले, आणि हे मला किती जड गेलं ते माझं मलाच ठाऊक.

सुंदरम्मानं बशी खाली ठेवली. "लग्न झाल्यावर मला शाळेत शिकवायचंय," ती म्हणाली. "चालंल का तुमच्या घरात?"

शिवयोगीचं हसू गेलं. तो मेहुण्याकडे बघायला लागला. चनमल्लप्पानं हातातली घडी उलगडली, पुन्हा घातली.

"खोटं बोलत न्हाई," तो म्हणाला. "आमच्या आईला, अव्वाला पटायचं न्हाई. आमचे अप्पा गेल्यापासनं घर आन दुकान तिनंच धरलंय. सून बाहेर नोकरीला गेली तर पेठेत लोक म्हणतील, ह्यांचं दुकान बसलं, सुनेच्या पगारावर घर चालतंय. ते तिला सोसणार न्हाई."

"आन तुमाला?"

"मला काय? मला तर तेच आवडलेलं."

"पर चालतं अव्वांचं."

"व्हय. चालतं तिचंच."

गल्लीतून कुणीतरी हातगाडी खडखडत नेली. मग सुंदरम्मा म्हणाली, अगदी वर्गात बोलते त्याच आवाजात, "मग माझं न्हाय हाय. अप्पांना आज तसं सांगते. तुमी खरं बोललात, म्हणून तुमाला तोंडावर सांगितलं."

मुलीकडच्यांनी नकार कळवायचा तर मध्यस्थ असतो, पत्रिकेचं निमित्त असतं. समोर बसून, त्याचाच चहा पिऊन नाही म्हणणारी मुलगी मी तोवर पाहिली नव्हती. चनमल्लप्पानं फक्त मान हलवली. आम्ही उठलो तेव्हा तो दारापर्यंत आला आणि उगाच चपलांकडे बघत उभा राहिला.

गल्लीच्या तोंडाशी आलो आणि भोंगा झाला. साऱ्या शहरावरून तो आवाज गेला, सायकलींचा लोंढा सुटला, आणि त्या गर्दीत सुंदरम्मा रडायला लागली. मी तिला एका बंद दुकानाच्या फळीवर बसवलं.

"नाही म्हटलंस ना? मग रडतेस कशाला?" मी विचारलं. मला समजूत घालता येत नाही, मी वसकनच विचारते.

"चांगला हाय गं त्यो," ती म्हणाली. "म्हणून तर."

मग मीही रडले. बजाबाई तर आधीच सुरू झाली होती. बाईंनी आम्हाला उशिराबद्दल झापलं, आणि आमचे डोळे बघून विचारलं, "किल्ला बघून रडलात?" मी म्हटलं, "इतिहास फार वाईट आहे, बाई."

बाईंची परवानगी काढून सुंदरम्मा तिथूनच वळसंगला गेली. आम्ही पॅसेंजरनं परतलो. ती हॉस्टेलवर आली मंगळवारी. पिशवी खाली ठेवायच्या आधीच आम्ही तिला खाटेवर बसवलं आणि मग तिनं सगळं सांगितलं.

त्याच शनिवारी संध्याकाळी तिनं अप्पांना, म्हणजे तिप्पण्णांना, नकार सांगितला. ते उठून रानात गेले. तिची अव्वा जेवली नाही. रविवारी दुपारी एस.टी.तून एक ठेंगणी, कडक इस्त्री केल्यासारखी ताठ बाई उतरली, मागं चनमल्लप्पा. त्याची आई, शांतम्मा. दारातूनच तिनं विचारलं, "कुटं हाय ती?"

सुंदरम्मा बाहेर आली. ताट नाही, पाट नाही. उभीच राहिली.

"ह्यो काल घरी येऊन काय म्हणाला ठाव हाय?" शांतम्मा म्हणाली. "पोरीनं मला न्हाय म्हटलं, आन तिचंच बरोबर हाय. आन जेवला न्हाई. बत्तीस वर्षांत माझ्यापुढं पयल्यांदा बोलला, ते बी हे. आमच्यात पोरं न्हाय म्हणतेत. पोरीनं म्हटलेलं मी कधी ऐकलं न्हवतं. म्हटलं, बघून तर यावं."

शांतम्मा बाजेवर टेकली.

"शाळेत काय करतीस?"

"शिकवते. चौथीला."

"पोरं किती?"

"चाळीसेक हायत."

"मारतीस?"

"न्हाई."

"मग गप बसत्यात?"

"बसत्यात की."

"सांगितलेलं ऐकत्यात? सगळी?"

"ऐकत्यात."

शांतम्मानं लेकाकडे बघितलं, तिप्पण्णांकडे बघितलं, आणि मोठा सुस्कारा टाकला.

"मग जा बाई शाळेत. लोकांचं मी बघून घेते. पर संध्याकाळी घरी आलीस की मलाबी जरा शिकव. माझं त्या दुकानात कुणीच ऐकत न्हाई."